पीएफचे नवे सभासद म्हणजे नव्या नोकऱ्या नव्हेत

‘पीएफचे सभासद वाढले, म्हणजे राज्यात तेवढ्या नव्या नोकऱ्या निर्माण झाल्या,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

पीएफचा कायदा साधारणपणे २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होतो. १९ जणांच्या वर्कशॉपमध्ये विसावा माणूस आला, की जुनेही एकदम ‘नवे सभासद’ म्हणून नोंदले जाऊ शकतात. नोकरी मात्र एकच वाढलेली असते. पीएफ सोडून परतलेले जुने सभासदही निव्वळ वाढीत (आलेले वजा गेलेले) मिळवले जातात.

क्षेत्रनिहाय आकड्यांत तर आणखी मोठी गफलत होते. चाकणच्या कारखान्यात कंत्राटदारामार्फत राबणारा कामगार मनुष्यबळ पुरवठादाराच्या खात्यावर, म्हणजे पीएफच्या आकडेवारीतल्या ‘तज्ज्ञ सेवा’ या गटात दिसतो. त्यावरून कारखानदारी आटली, असं म्हणणं त्या कामगारावर अन्याय आहे. आणि पगार वाढला की नाही, हे सभासदसंख्येवरून कळतच नाही.