रूट फसलं म्हणून फोन पुसू नका, आणि लॉक तर मुळीच करू नका

"रूट फसलं? घाबरू नका! 5 मिनिटांत फोन जिवंत करा" अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. रूट करणं म्हणजे फोनच्या सिस्टिमवर संपूर्ण ताबा मिळवणं. माझ्याकडे तो तीन ग्रुपांवर आला आणि तिन्ही वेळा मी नुसता वाचून पुढे गेलो. चौथ्यांदा तो बहिणीच्या नंबरवरून आला. पाठवला होता भाच्याने, कारण त्याचा स्वतःचा फोन बंद पडला होता. खाली लिहिलं होतं, "मामा, यातलं दोन नंबरपर्यंत करून झालंय. तिसरं करू का?"

मेसेजमध्ये सहा उपाय आहेत. (बूटलूप म्हणजे फोन चालू होता होता परत परत बंद पडणं, आणि बूटलोडर म्हणजे फोन चालू करताना सगळ्यात आधी चालणारा, सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम.) 1) फोन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, चिप रिसेट होते. 2) फॅक्टरी रिसेट मारा, बूटलूप हमखास जातो. 3) लगेच बूटलोडर लॉक करा, फोन मूळ स्थितीत येतो आणि कंपनीला काही कळत नाही. 4) मॉडेल जुळत असेल तर कुठल्याही आवृत्तीची फाइल टाका. 5) कॉम्प्युटर नको, एका क्लिकवर रूट करणारं अ‍ॅप घ्या. 6) डेटा गेला तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत आणा.

फ्रिजचं आधी उरकतो. बूटलूप ही सॉफ्टवेअरची अडचण आहे, ती थंडीने जात नाही. गार झालेला फोन बाहेर काढला की आत दव धरतं, म्हणजे धड असलेलं हार्डवेअरही धोक्यात. पॉवरचं बटण बराच वेळ दाबून धरलं की अडकलेला फोन बहुतेक वेळा बंद किंवा रीस्टार्ट होतो, एवढं पुरतं.

आता दुसरा मुद्दा, ज्याने आमच्या घरचं नुकसान झालं.

भाच्याने गेल्या वर्षीच बूटलोडर अनलॉक करून फोन रूट केला होता. तेव्हा सगळं नीट झालं. या वेळी सिस्टिम अपडेट आलं, रूट गेलं, आणि परत रूट करताना त्याने लॅपटॉपवर पडलेली, गेल्या वर्षी मॅजिस्क या रूट करायच्या साधनाने पॅच केलेली, म्हणजे बदललेली, बूट फाइलच टाकली. सिस्टिम नवी, आणि बूट फाइलमधला कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जुना. दोघांचं जमेना, आणि फोन कंपनीचा लोगो दाखवून, एकदा थरथरून परत बंद व्हायला लागला. रूट फसण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. बिघाड होता तो बूट नावाच्या एका छोट्या पार्टिशनमध्ये, म्हणजे मेमरीच्या एका वेगळ्या कप्प्यात. फोटो, रेकॉर्डिंग, मेसेज असतात डेटा पार्टिशनमध्ये, आणि तिथे सगळं जागच्या जागी होतं.

फॅक्टरी रिसेट काय करतो? डेटा पुसतो. बूटला तो हातही लावत नाही. म्हणजे जिथे बिघाड आहे ते तसंच ठेवायचं आणि जिथे बिघाड नाही ते साफ करायचं. भाच्याने रिसेट मारला, फोन पुन्हा लोगोवर आला आणि पुन्हा बंद झाला. लूप तसाच राहिला, वर्षभराचं सगळं मात्र गेलं. त्यात माझ्या आईचं आठ मिनिटांचं एक रेकॉर्डिंग होतं. कांदा-लसूण मसाल्याचं प्रमाण ती नातवाला सांगत होती, मिरच्या किती, खोबरं किती, तीळ कधी घालायचे. नंतर तिला अर्धांगाचा झटका आला. आता ती सलग बोलू शकत नाही.

संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. त्याच्या फोनात रिकव्हरी (फोनमधला दुरुस्तीचा मेनू) वेगळ्या पार्टिशनमध्ये आहे, म्हणून ती उघडत होती. उघडल्यावर पडद्याच्या अगदी वर बारीक अक्षरांत सिस्टिमचा पूर्ण बिल्ड नंबर, म्हणजे आवृत्तीचा नेमका क्रमांक, लिहिलेला. त्याच बिल्डचं फर्मवेअर, म्हणजे कंपनीची मूळ सिस्टिम, उतरवलं, त्यातली न बदललेली बूट फाइल काढली, फोन फास्टबूटमध्ये (कॉम्प्युटरवरून फाइली टाकायच्या मोडमध्ये) नेला आणि ती फ्लॅश केली, म्हणजे फोनमध्ये लिहिली. फ्लॅश व्हायला काही सेकंद लागले. फोन सुरू झाला आणि पडद्यावर आलं, भाषा निवडा. ज्या पडद्यावर त्याने "वाइप डेटा" दाबलं, त्याच पडद्यावर वरच्या ओळीत उपाय लिहिलेला होता. मेसेज लिहिणाऱ्याने रिसेटऐवजी ती एक ओळ वाचायला सांगितली असती तरी भागलं असतं.

आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. रिसेटने बूटलूप जातो असेही प्रसंग आहेत, आणि म्हणूनच "माझा फोन झाला बरं का चालू" म्हणणारे भेटतात. मॅजिस्कचे मॉड्यूल, म्हणजे त्याला वरून जोडायचे छोटे भाग, डेटा पार्टिशनमध्ये राहतात. एखाद्या वाईट मॉड्यूलमुळे फोन अडकला असेल, तर डेटा पुसल्यावर तेही पुसलं जातं आणि फोन उठतो. पण त्यासाठीही पुसायची गरज नसते. मॅजिस्कच्या स्वतःच्या दस्तऐवजात नेमका हाच प्रश्न घेतला आहे आणि उत्तर दिलं आहे: यूएसबी डीबगिंग चालू असेल तर एडीबीवरून (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा द्यायच्या साधनाने) सगळे मॉड्यूल काढून टाकण्याची आज्ञा द्या, नसेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू करा. सेफ मोडमध्ये गेलं की मॉड्यूल बंद होतात आणि नंतर नेहमीसारखा चालू केला तरी बंदच राहतात. डेटाला धक्का लागत नाही. जॉन वू यांनी 2016 मध्ये मॅजिस्क आणलं, आणि त्या प्रकल्पाची ही पानं सगळ्यांना खुली आहेत. ज्या साधनाने रूट करायचं त्याचंच माहितीपत्रक उघडायचं नाही आणि फॉरवर्ड मात्र ओळीने पाळायचं, याचा मला खरंच राग येतो.

मोघम ओळख अशी: फोन कंपनीच्या पहिल्या लोगोवरच आपटत असेल तर बहुतेक वेळा बूट फाइल चुकलेली असते. लोगो सरकून हलतं अ‍ॅनिमेशन सुरू होतं आणि तिथेच फिरत राहतं, तर आधी मॉड्यूलवर संशय घ्या. अँड्रॉइड 13 घेऊनच बाजारात आलेला फोन असेल तर आणखी एक पाहा. अशा फोनांत मॅजिस्कला लागणारा भाग बूटमध्ये नसून इनिट-बूट या वेगळ्या फाइलमध्ये असतो, आणि जुना व्हिडिओ पाहून बूट फाइलच पॅच केली की काम होत नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात घातक. भाचा विचारायला थांबला नसता तर फोनही गेला असता.

अनलॉक केलेला फोन चालू होताना दर वेळी इशारा दाखवतो. अँड्रॉइडच्या अधिकृत दस्तऐवजात याला ऑरेंज स्थिती म्हटलं आहे. तो बिघाड नाही, नुसती माहिती आहे. लोक त्यालाच घाबरतात आणि लॉक करायला धावतात. लॉक असलेला फोन मात्र बूट फाइलवरची सही तपासतो. पॅच केलेल्या फाइलची सही जुळत नाही, म्हणून स्थिती लाल होते आणि फोन चालू व्हायचं साफ नाकारतो. लॉक स्थितीत फास्टबूटमधून बरोबर फाइल टाकायला जावं तर तेही नाकारलं जातं. पुन्हा अनलॉक करायला ओईएम अनलॉकिंगचा, म्हणजे अनलॉकला परवानगी देणारा, स्विच चालू हवा. तो बंद असेल तर चालू करायचा सेटिंगमधून, आणि सेटिंग उघडायला फोन चालू हवा. इथे वाट संपते आणि सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.

लॉक करणं मुळात चूक नाही. अनलॉक फोनवर बँकेची काही अ‍ॅप चालत नाहीत, म्हणून लॉक करावंसं वाटणं मला समजतं. पण आधी पूर्ण मूळ फर्मवेअर टाकायचं, फोन त्यावर नीट चालू होतोय हे पाहायचं, डेटाची प्रत काढायची कारण लॉक करतानाही तो पुसला जातो, आणि मगच लॉक. फसलेल्या फोनवर कधीच नाही. आणि "कंपनीला कळत नाही"? सॅमसंगच्या फोनांत नॉक्स या त्यांच्या सुरक्षा व्यवस्थेची खूण ई-फ्यूजमध्ये, म्हणजे चिपमधल्या एकदाच जळणाऱ्या फ्यूजमध्ये, असते. ती एकदा 0 ची 1 झाली की परत 0 होत नाही, लॉक करा नाहीतर मूळ सिस्टिम टाका. सिक्युअर फोल्डर, म्हणजे खाजगी फाइलींचा कुलूपबंद कप्पा, तोही कायमचा जातो.

चौथ्या मुद्द्याचं उत्तर भाच्याच्या फोननेच दिलं आहे. मॉडेल तेच, बिल्ड वेगळा, आणि फोन आडवा. पूर्ण फर्मवेअर जुनं टाकाल तर त्याहून वाईट होऊ शकतं. पिक्सेल 6, 6 प्रो आणि 6ए साठी ऑगस्ट 2022 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 13 च्या अपडेटने मागे जायची वाट हार्डवेअरच्या पातळीवरच बंद केली. त्यानंतर अँड्रॉइड 12 चं बूटलोडर चालत नाही.

पाचवा मुद्दा जुन्या काळातला आहे. 2014 च्या टॉवेलरूटसारखी अ‍ॅप कर्नलमधल्या एका छिद्रातून आत शिरत. ती छिद्रं केव्हाच बुजली. आज कोणी "एक क्लिक" म्हणत असेल तर एवढंच लक्षात घ्या, की एका अनोळखी माणसाला तुम्ही फोनवर संपूर्ण ताबा देऊ पाहताय.

राहिला सहावा. अँड्रॉइड 10 घेऊन आलेल्या फोनांपासून फाइली कूटबद्ध ठेवणं सक्तीचं आहे. त्या उघडायच्या किल्ल्या फोनच्या सुरक्षित हार्डवेअरच्या आधाराने जपलेल्या असतात, आणि फॅक्टरी रिसेटमध्ये त्याच नष्ट होतात. मेमरीत काही तुकडे उरले असले तरी ते किल्ली नसलेल्या कुलपाआड आहेत. कुठलंही सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही.

भाच्याने हे मला विचारलं नाही. माझ्या अपरोक्ष त्याने 1499 रुपये भरून तसलं एक सॉफ्टवेअर घेतलं आणि रात्रभर फोन लॅपटॉपला लावून ठेवला. सकाळी यादीत दोनशेच्या वर फोटो आले होते. एकेक उघडून पाहिले. सगळे त्या रिसेटनंतर रिकाम्या झालेल्या फोनमधले, सिस्टिमबरोबर आलेले वॉलपेपर आणि अ‍ॅपचे आयकॉन. ऑडिओच्या खाली तीन फाइली होत्या, तिन्ही रिंगटोन. त्याने मला तिन्ही लावून दाखवल्या.