पाण्यात बुडवलं म्हणून लोखंडाचं पोलाद होत नाही

अमेरिकेत आलेल्या पहिल्या मोरेव्हियन (एक ख्रिस्ती पंथ) वसाहतकारांच्या लोहारकामाबद्दल एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्यातले दावे असे: एकच लोहार दगडातून लोखंड काढून हत्यारापर्यंत सगळं करायचा, लाल लोखंड पाण्यात बुडवून त्याचं पोलाद करायचा, त्या लोखंडाला गंज चढत नसे, आणि ही विद्या पंथाबाहेर जाऊ दिली जात नसे. चारही चुकीचे आहेत.

त्यांचं पेनसिल्व्हेनियातलं गाव बेथलेहेम १७४१ मध्ये वसलं. खनिज वितळवणं हे मोठ्या भट्ट्यांचं काम होतं, आणि त्या प्रांतात डरहॅमची भट्टी १७२७ पासून होतीच. लोहाराच्या ऐरणीवर येई ती तयार घडीव लोखंडाची सळई. बेथलेहेमच्या १७६२ च्या पाणीपुरवठ्याचे पंप बिडाचे होते. बीड साच्यात ओततात. घणाखाली ते तडकतं. म्हणजे एका लोहाराने सगळं करण्याचा प्रश्नच नव्हता.

पाण्याचा दावा सर्वांत घातक, कारण तो वाचून लोक आजही हत्यारं वाया घालवतात. घडीव लोखंडात कार्बन ०.१ टक्क्याहूनही कमी असतो. ते लाल करून कितीही वेळा विझवा, मऊच राहणार. धार धरण्याइतकं कठीण होतं ते पोलाद, ज्यात कार्बन साधारण ०.६ टक्क्यांच्या वर आहे. पोलाद महाग, म्हणून कुऱ्हाडीचं अंग लोखंडाचं आणि धारेपुरती पोलादाची पट्टी. लोखंडाची पट्टी दुमडून नेढं (दांड्याचं भोक) करायचं, दोन्ही टोकांच्या मध्ये पोलाद बसवायचं, वर रेती टाकायची आणि सुमारे १३०० अंशांपर्यंत ताप द्यायचा. रेती वितळून ऑक्साइडची खपली पातळ करते आणि घाव बसताच ती बाहेर उडते. ताप कमी पडला तर जोड वरून धरल्यासारखा दिसतो, पण पहिल्या ओंडक्यावर उकलतो. जास्त झाला तर पोलादातून ठिणग्या फुटतात; ते जळलं, आता चुरा होणार. पट्टी मध्ये ठेवण्याचं कारणही हेच, बाहेरचं लोखंड तिला झाकतं.

पाणी द्यायचं त्यानंतर, तेही फक्त धारेला. साधारण ७८० अंशांना, चेरीसारखी लाल असताना विझवायचं. आता धार काचेसारखी ठिसूळ असते. ती घासून चकचकीत करायची आणि मागच्या बाजूने हळू तापवायची. आधी गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा. कुऱ्हाडीसाठी जांभळ्याला थांबायचं. पिवळ्यालाच थांबलात तर धारेचे तुकडे पडतात.

गंजाचं उत्तर छोटं आहे: घडीव लोखंड गंजतंच. त्यात मळीचे (भट्टीतल्या कचऱ्याचे) बारीक धागे असतात, त्यामुळे फार गंजलेला तुकडा लाकडासारखा थरांनी सुटतो. आज दिसतात त्या वस्तू कोरड्या जागी, तेल लावून जपलेल्या आहेत.

विद्या लपवण्याचं म्हणाल, तर शामोकिन बघा (आजच्या सनबरीजवळ). मूळनिवासींचे नेते शिकेल्लामी यांच्या विनंतीवरून मोरेव्हियनांनी १७४७ मध्ये तिथे लोहारशाळा उभी केली. अँटन श्मिट तिथे काम करी, मुख्यतः मूळनिवासींच्या बंदुका दुरुस्त करण्याचं. १७५५ मध्ये लढाई पेटेपर्यंत ती चालली. या कामाला पोलादाची विद्याच लागते: बंदुकीच्या खटक्यातली स्प्रिंग पोलादाचीच लागते, आणि विझवल्यावर ती निळा रंग येईपर्यंत पुन्हा तापवावी लागते. घडीव लोखंडाची केली तर एकदा दाबल्यावर ती वाकून तशीच राहते आणि बंदूक उडत नाही.