दहा-पंधरा सेकंद

'व्हॅटिकनने समलिंगी विवाहाला मान्यता दिली' असं एका लेखात म्हटलंय, ते बरोबर नाही. 18 डिसेंबर 2023च्या 'फिदुचिया सुप्लिकान्स' या जाहीरनाम्याने अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायची मुभा फादरांना दिली, पण विवाहसंस्कार स्त्री-पुरुषाचाच, हे त्यातच स्पष्ट लिहिलंय. 4 जानेवारी 2024च्या खुलाशात तर सांगितलं की हा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा, ठरलेल्या विधीशिवाय. आफ्रिकेतल्या बहुतेक बिशपांना तेवढंही पटलं नाही.

मी वसईची, कॅथलिक. माझा मावसभाऊ गे आहे. लहानपणी वेदीजवळ घंटी तोच वाजवायचा. घरी खरं सांगितलं आणि त्याचं चर्चला येणं हळूहळू बंदच झालं. गेल्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला आला, पार शेवटच्या बाकावर. कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला, सगळे रांगेत उभे राहिले, हा गुडघे टेकूनच. मावशी रांग सोडून मागे गेली, त्याच्या शेजारी टेकली, तिनेही कम्युनियन घेतलं नाही. दोघांचे हात बाकावर एकमेकांत होते.

त्याला लग्नाचा विधी नकोय हो. फादरांनी बाकापर्यंत येऊन डोक्यावर हात ठेवावा, एवढंच हवंय.