दाजींचा तंबू, सरांची सॅक

पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीवर फिरायला जाणाऱ्या आमच्या चौघांचं एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं एका चहात ठरलं. चालायचं कोणत्या तऱ्हेनं, यावर मात्र जी जुंपली ती महिनाभर मिटेना.

दाजींना तंबूचा ट्रेक हवा. जिमी रॉबर्ट्स या निवृत्त ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १९६४ मध्ये नेपाळात ट्रेकिंगची पहिली कंपनी काढली, तेव्हापासूनचा हा थाट. पुढं जाऊन तंबू ठोकणारी माणसं, सोबत आचारी, सकाळी तंबूच्या दारात चहा. दारात चहा एवढं ऐकलं आणि दाजींनी पुढचं ऐकणं सोडलं. "आचारी आपल्याकडचा न्यायचा. मी काय तिथं नूडल्स खायला जायलो का?"

सर म्हणाले, बेस कॅम्प ५३६४ मीटरवर, तिथं पाणी ८२-८३ अंशांलाच उकळतं, डाळ शिजता शिजणार नाही.

"मग कुकर घ्या की!"

शास्त्राच्या हिशेबानं दाजींचं तंतोतंत बरोबर होतं. सर त्यामुळंच जास्त चिडले.

सर 'आपलं ओझं आपल्या पाठीवर' या पंथाचे. तंबू, स्टोव्ह, शिधा, सगळं स्वतः वाहायचं. गाईड नको, हमाल नको. हेच सर कॉलेजात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा शिपायाला उचलायला लावतात, हे बोलायची माझी छाती झाली नाही. सरावासाठी त्यांनी सॅकमध्ये पंधरा किलो ज्वारी भरली आणि आम्हाला दौलताबादच्या किल्ल्यावर नेलं. दारावरच्या माणसानं सॅक उघडून ज्वारीत हात घातला, एकदा सरांकडं पाहिलं आणि विचारलं, "वर गिरणी कधी निघाली?"

चाँद मिनारापर्यंत सर पुढं होते. मेंढा तोफेपाशी त्यांना अचानक इतिहासाची गोडी लागली; तोफेवरची नक्षी ते बराच वेळ बसून बघत होते. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारात, वटवाघळांच्या वासात त्यांचा आवाजच आला नाही. पार वरच्या बारादरीपर्यंत ज्वारी पोचली, पण ती दाजींच्या पाठीवरून. उतरताना दाजींनी हमालीचा दर विचारला.

तिसरी तऱ्हा लॉजची. विमान उतरतं त्या लुक्ल्यापासून वर गावोगावी चहा-जेवण-मुक्कामाची घरं आहेत. खोली स्वस्त, पण जेवण आणि नाश्ता तिथंच करायचा, हा अलिखित करार. प्लायवूडच्या भिंती, म्हणजे शेजारच्याचं घोरणं फुकट. मोबाइल चार्जिंगला पैसे, गरम पाण्याला पैसे. आणि जसजसं वर जावं तसतसे भावही वर. शेगडी फक्त जेवणाच्या खोलीत, वर वर तर याकच्या शेणाच्या गोवऱ्यांवर पेटणारी. मात्र डाळभात पुन्हा पुन्हा वाढतात. सामानाला दोघांत एक भरिया, म्हणजे तिथला हमाल, केला की पाठीवर पाण्याची बाटली आणि स्वेटर.

मला हेच पटत होतं. पण माझं मत कुणी मागितलंच नव्हतं.

निकाल बायकोनं लावला. तिनं एकच प्रश्न विचारला, "संडास कुठं असतो?" तंबूच्या ट्रेकमध्ये खड्डा खणून त्यावर उभा तंबू. सरांच्या ट्रेकमध्ये निसर्ग. लॉजमध्ये वाटेवरच्या नामचे गावापर्यंत काही ठिकाणी खोलीला जोडून, वर बहुतेक सामायिक. पण भिंत, दार आणि कडी असलेला. "झालं तर मग," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

खरं सांगायचं तर डोंगराला या तिन्ही तऱ्हांचं काही पडलेलं नसतं. विरळ हवेची अंगाला सवय व्हावी म्हणून ३००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम फार तर ५०० मीटरनं वाढवायचा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. तंबूत झोपा नाहीतर पलंगावर. ३४४० मीटरवरच्या नामचेला दोन रात्री काढाव्या लागतात, हे समजल्यावर दाजी उखडले. "एकाच गावात दोन मुक्काम? तिथं कोणते पाव्हणे आहेत आपले?"

मग महिना. मार्च ते मेमध्ये सरांचे पेपर तपासणं आणि दाजींच्या भावकीतली लग्नं. ऑक्टोबरात हवा उत्तम, पण सोयाबीन रानात उभं. शेवटी दिवाळी उरकून नोव्हेंबर धरला. काठमांडूच्या एजंटाला फोन लावला, तर दाजींनी तो माझ्या हातातून ओढून घेतला.

"लॉज में कुकर है क्या?"

"है सर."

"दाल को कितनी सीटी देते?"

पलीकडून बराच वेळ काही उत्तर येईना. दाजींनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "विचारून सांगायला. माणूस चांगला दिसायला, ॲडव्हान्स पाठव."