फारच छान, वन मोर!

मैदानात एकदा त्रिफळा उडाला की माणूस बॅट काखोटीला मारून चालू लागतो. सेटवर मात्र यष्ट्या पुन्हा रोवल्या जातात, वर बेल्स ठेवल्या जातात आणि कोणीतरी मधाळ आवाजात म्हणतं, "फारच छान, सर. वन मोर!" अभिनयात उतरलेल्या आम्हा माजी खेळाडूंना पहिला यॉर्कर पडतो तो हाच. छान होतं तर पुन्हा कशाला? आणि पुन्हा करायचंय तर छान कशाला म्हणालात?

थोरामोठ्यांना हे जमलं, नाही असं नाही. दारासिंग आखाड्यातून पडद्यावर आले आणि पुढे हनुमान झाले. प्रवीणकुमारांनी १९६६ आणि १९७०च्या एशियाडमध्ये थाळीफेकीचं सुवर्ण मिळवलं आणि पुढे दूरदर्शनवर भीमाची गदा उचलली. आपल्या सलील अंकोलाने १९८९मध्ये कराचीत सचिनबरोबरच कसोटी पदार्पण केलं. पायाच्या हाडातल्या गाठीमुळे तिशीच्या आत क्रिकेट सुटलं, तेव्हा तो मालिकांकडे वळला. बाकीचे आम्ही वर्सोव्याच्या आरामनगरात ऑडिशनच्या रांगेत. नाव सांगा, उंची सांगा, डावीकडे वळा, उजवीकडे वळा. उंची सहा फुटांच्या वर गेली की समोरचा न विचारता 'इन्स्पेक्टर' लिहून टाकतो.

घरून ऑडिशन पाठवायची असेल तर फोन आडवा, डोळ्यांच्या पातळीवर. मागे कोरी भिंत हवी, ट्रॉफ्यांचं कपाट नको. समोरच्या पात्राचे संवाद वाचणारा मेहुणा फोनला खेटून बसतो, त्यामुळे त्याचाच आवाज दणदणीत येतो आणि ऑडिशन त्याची होते. त्याला दबक्या आवाजात वाचायला लावावं. नजर लेन्सच्या बाजूला चार बोटं. पत्रकार परिषदांच्या सवयीने आम्ही थेट लेन्समध्ये बघतो आणि प्रेयसीला "खेळपट्टी साथ देत होती" अशा थाटात होकार देतो.

खरा छळ मार्कचा. जमिनीवर रंगीत टेपची टी-आकाराची खूण असते. चालत येऊन नेमकं तिथे थांबायचं, कारण फोकस पुलरने, म्हणजे कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणाऱ्याने, अंतर मोजून ठेवलेलं असतं. क्लोज-अपला लांब लेन्स लावलेली असेल तर वीतभर पुढे सरकलात तरी तुमचे कान तेवढे स्पष्ट आणि डोळे धूसर. वेगवान गोलंदाजाला हे सोपं जावं. रनअप मोजण्यात आयुष्य गेलेलं असतं. युक्तीही तीच: मार्कवर उभं राहून उलट दाराकडे चालायचं आणि पावलं मोजायची. फक्त बूट शॉटमधलेच हवेत. चपलेवर मोजलेली पाच पावलं बुटात साडेचार भरतात आणि ते अर्धं पाऊल कुठे ठेवायचं हे कोणी सांगत नाही. त्यात क्रीझ बघायची खोड. "आई, मी घर सोडून चाललोय," हे वाक्य जमिनीकडे बघत म्हटलं की मुलगा घर सोडत नसून पडलेली अठन्नी शोधतोय असं वाटतं.

मधल्या ताटकळण्याबद्दल काय बोलावं? बारा तासांची शिफ्ट, सातचा कॉलटाइम, पहिला शॉट अकराला. पावसात ड्रेसिंग रूममध्ये पत्ते कुटलेल्यांना त्याचं काही वाटत नाही.

मारामारी तरी हक्काची, असं लोकांना वाटतं. तिथेच आम्ही सर्वांत कच्चे. पडद्यावरचा ठोसा लागतच नाही. मुठीत आणि जबड्यात चांगलं वीतभर अंतर असतं. कॅमेरा एकाच्या पाठीमागे ठेवतात, म्हणून ती फट दिसत नाही. ठोसा विकला जातो तो मार खाणाऱ्याच्या मानेच्या झटक्यावर. तो झटका मूठ तोंडासमोरून जाते त्याच क्षणी हवा. बॉक्सर मात्र मूठ हलायच्या आत खाली वाकतो. पंधरा वर्षं मार चुकवायला शिकलेल्या शरीराला मार खायला शिकवणं फाइट मास्टरच्याही जिवावर येतं.

आणि विकेटकीपर असेल तर विचारूच नका. नायिका चिडून फुलदाणी फेकते, ती भिंतीवर फुटायची असते. हा डावीकडे झेपावून एका हातात झेलतो आणि सवयीने अपील करतो. दिग्दर्शक कपाळावर हात मारतो. प्रॉडक्शनवाला मात्र मनातून खूश असतो. त्याने फुलदाण्या दोनच आणलेल्या असतात.