परत तेच, राउटर बंद करून चालू करा!

इंटरनेट कंपनीला स्टॅटिक आयपीचे, म्हणजे कायम तोच राहणाऱ्या इंटरनेट पत्त्याचे, पैसे दर महिन्याला वेगळे मोजतो, तरी रिव्हर्स डीएनएसची एक नोंद करून मिळत नाही. हा आयपी कुठल्या नावाचा हे सांगणारी ती ओळ, ती नसली की मेलवर संशय येतो. ती नोंद आयपी ज्यांचा आहे त्या कंपनीनेच करायची असते, माझ्या हातात काही नाही. मेल खरंच माझ्याकडून आलंय हे पटवणारं एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं नीट लावलंय. तरी बेळगावात टिळकवाडीतल्या घरच्या सर्व्हरवरून पाठवलेलं मेल पुण्यातल्या भाचीच्या स्पॅममध्ये! कंपनीला फोन करावा तर कन्नड, हिंदी, मराठी, तिन्ही भाषांत उत्तर एकच: राउटर बंद करून चालू करा. अहो, राउटरचा इथे काय संबंध?

आणि इकडे सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, अंदाजाने लॉगिन नावं टाकून घुसू पाहणाऱ्यांची रात्रभर रांग लागलेली. रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, परत रूट... पोर्ट २२ वर, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या दारावर, नुसती धडक. परवा पहाटे पावसात लाईट गेली, इन्व्हर्टरही बसला. लाईट आली, मशीन उठलं, आणि मिनिटभरात पहिली धडक हजर! पासवर्डने लॉगिन मी कधीच बंद केलंय, डिजिटल किल्लीशिवाय आत येता येत नाही, सारखं चुकीचं लॉगिन करणाऱ्यांना अडवणारं फेल-टू-बॅन पण आहे. ते मी निस्तरतो, ते माझंच काम. पण कंपनीची ती रिव्हर्स डीएनएसची एक ओळ? चार महिने झाले, चार तक्रार क्रमांक झाले. काल पाचवा मिळाला.