आठ जणांचा ड्राफ्ट आणि हेम्याची यादी

जळगावच्या काव्यरत्नावली चौकात रात्री बसायला जागा मिळाली की सध्या विषय एकच: प्रीमियर लीगच्या फँटसी ड्राफ्टमध्ये पहिला कोणाला उचलायचा. म्हणजे इंग्लंडच्या या फुटबॉल लीगमधले खेळाडू पाळीपाळीने निवडायचे, एकाने उचललेला दुसऱ्याला नाही, आणि ते खऱ्या मॅचमध्ये खेळतील तसे आपल्याला गुण. पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदी आल्यापासून हेम्याचा तसाही सगळा जीव यातच अडकलाय.

हेम्याची यादी तयार होती. गेल्या हंगामाचे गुण, उतरत्या क्रमाने. मँचेस्टर युनायटेडची माणसं मात्र क्रम मोडून वर.

"ही यादी अ‍ॅप फुकटात देतं," आशी म्हणाली. "तू काय केलंस?"

"रात्रभर जागलो."

"ते डोळ्यांवरून दिसतंय. यादीवरून नाही."

मग आशीने फोन हिसकावून हिशोब मांडला. "आपण आठ जण. प्रत्येकी तीन फॉरवर्ड, म्हणजे चोवीस. क्लब वीस, आणि बरेचसे एकच स्ट्रायकर खेळवतात. शेवटी उरणार बाकावरची माणसं. मिडफिल्डर चाळीस लागतात, पण रोज खेळणारे त्याहून कितीतरी जास्त. म्हणून नुसते गुण बघू नको. आपल्या आठ जणांचं घेऊन झाल्यावर जो पहिला उरेल त्याचे गुण वजा कर. फॉरवर्डमध्ये पंचविसावा, मिडफिल्डमध्ये एकेचाळिसावा. समज, फॉरवर्ड 150 चा आणि पंचविसावा 60 चा, फरक 90. मिडफिल्डर 170 चा आणि एकेचाळिसावा 100 चा, फरक 70. आधी कोण?"

"170 वाला," हेम्या.

कोणी काही बोललं नाही. भूषणची रावेरला केळीची बाग, त्याला हे समजावावं लागलं नाही. "माल कमी तर भाव जास्त. घड तोच असला तरी."

"मग सलाह?" हेम्याने हुकमाचं पान टाकलं. "2024-25 ला लिव्हरपूलकडून 29 गोल, 18 असिस्ट, 344 गुण! तेव्हा तो मिडफिल्डरच होता ना?"

"344 वाला कुठल्याही हिशोबात वरच बसतो. त्यात मिडफिल्डर म्हणून गोलला 5, फॉरवर्डला 4. पण एका हंगामावर माणूस तोलू नये. एक्सजी बघ, म्हणजे मिळालेल्या संधींवरून किती गोल व्हायला हवे होते तो आकडा. 12 च्या एक्सजीवर 18 गोल मारलेत तो बहुतेक खाली येणार, आणि 8 मारलेत तो पाचव्या-सहाव्या फेरीत पडून असतो. त्यातून पेनल्टी वेगळ्या काढ. एकेक पेनल्टी पाऊण गोलाच्या वर धरतात. मारणारा बदलला की सगळा आकडा बसतो. आणि मिनिटं! साठ मिनिटं नाही खेळला तर दोनाचा एक गुण होतो, क्लीन शीटचे, म्हणजे टीमने गोल न खाल्ल्याचे गुणही जातात."

नाना पारोळ्याचा, इतका वेळ शेंगदाणे सोलत होता. "डिफेंडरनं काय?"

तिथे 2025-26 च्या नियमाने गंमत केली आहे. क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन, टॅकल मिळून दहा झाले की डिफेंडरला दोन गुण. दिवसभर बॉल बाहेर हाणणारा सेंटर बॅक अचानक कामाचा झाला.

"मंग हारनारी टीमना गडी बी चाली का?"

"चालेल, पण खालच्या लीगमधून नुकत्याच वर आलेल्या क्लबचा घेताना जपून. 2023-24 आणि 2024-25, दोन्ही वर्षी वर आलेले तिन्ही क्लब परत खाली गेले. दर दोन गोल खाल्ले की एक गुण वजा, मिळवलेलं तिथेच जातं."

"मी गोलकीपर तिसऱ्या फेरीत घेणार," हेम्या.

"घे ना. खेळणाऱ्या कीपरांत फरक थोडाच असतो, आम्हाला एक फेरी फुकट मिळाली. दोन्ही खेळणारे घे म्हणजे झालं. सोळा लागतात, खेळणारे वीस."

हेम्याची धास्ती वेगळीच होती: चिठ्ठीत आठवा नंबर आला तर? आशीच्या मते रडायचं कारण नाही. साप-पद्धतीत दर फेरीला क्रम उलटा फिरतो, म्हणून आठवी आणि नववी निवड लागोपाठ आपली. त्यानंतर थेट चोविसावी, मध्ये चौदा माणसं जातात. म्हणून यादीत जिथे गुणांची मोठी दरी दिसेल तिथे रेघ मारायची. रेघेच्या वर एकच स्ट्रायकर उरला असेल तर नवव्यालाच उचलायचा, चोविसाव्यापर्यंत तो राहत नाही.

"आणि ड्राफ्टच्या वेळी फोन हातात ठेव," भूषण म्हणाला. "मागच्या वर्षी मावसभावाच्या हळदीत नाचत बसला, आणि अ‍ॅपच्या ऑटोपिकने आपणहून गुडघा मोडलेला गडी उचलला."

"तो ऑटोपिकचा दोष!"

"आणि मेपर्यंत त्याला सोडला नाही तो?"

"युनायटेडचा होता यार."

इथून पुढे ड्राफ्ट राहिला बाजूला. शेवटचा येईल त्याने भरीत-पुरी द्यायची हे ठरलेलं, आणि हेम्याची पार्टी अजून बाकी.

"चांगली वांगी हिवाळ्यात येतात, म्हणून थांबलोय."

"हेम्या, दोन हिवाळे गेले."

"मागच्याला पाऊस लांबला होता ना!"

नानाने टरफलं झटकली. "याले पहिला नंबर दी टाका. फक्त वांगा आज रातले आन म्हना."